एक-दोन-तीन मोजायचं सोडवलंत, त्याबद्दल थँक्यू आजोबा

प्रिय आजोबा,

हे पत्र मराठीत लिहितेय. तुम्हाला वाचता येणार नाही हे माहितीये, रविवारी तुमच्या किचनमध्ये बसून मी ते स्वीडिशमध्ये वाचून दाखवणारच आहे, पण आधी माझ्या भाषेत लिहायचं होतं, कारण स्वीडिशमध्ये लहानथोर सगळ्यांनाच ‘डू’ म्हणतात आणि चार वर्षं तुम्हाला ‘डू’ म्हणताना माझ्या मनात कायम ‘तुम्ही’च होतं. शिवाय आपल्या लोकांनाही कळू दे की स्वीडनच्या दालार्ना भागातल्या एका व्हायोलिनवाल्या आजोबांनी पुण्याच्या मुलीसाठी काय केलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी सिटर्न वाजवते. सिटर्न म्हणजे मँडोलिनची थोरली बहीण समजा, तारांच्या पाच जोड्या, म्हणजे एकूण १० तारा, धातूचे पडदे, पिकने छेडायचं. नाव जुनं आहे, युरोपात काही शतकांपूर्वी सिटर्न होतंच, पण आज लोक वाजवतात ते १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या स्टीफन सोबेल यांनी बनवलेल्या वाद्यावरून आलेलं. मी सेकंडहँड घेतलं, आवाजाच्या प्रेमात पडून. खालच्या तारा छेडल्या की खर्जात तंबोऱ्यासारखं काहीतरी घुमतं आणि ते घुमणं विरेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

पण ते घेऊन वाजवायचं कुठे? एका ग्रुपमध्ये गेले तर सांगितलं की आमच्याकडे व्हायोलिन वाजवतात, हे वाद्य इथलं नाही. त्यानंतर दोन महिने मी ते बॅगेतून काढलंच नाही. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही रागावला नाहीत की माझी समजूत काढली नाहीत, तुम्ही न्यूकेलहार्पाची गोष्ट सांगितलीत. स्वीडनच्या उप्लांड भागातलं ते शेकडो वर्षांचं, गजाने वाजवायचं आणि पट्ट्या दाबून सूर काढायचं वाद्य, पण आज जे सगळीकडे दिसतं ते १९२९ मध्ये आउगुस्ट बोलीननी आणि मग १९४० च्या दशकात एरिक साल्स्ट्रोमनी बदललेलं, म्हणजे तुमच्या लहानपणी नवंच होतं, आणि आज त्यालाच लोक जुनं म्हणतात. आणि मग लगेच, "चल, तारा लाव."

तारा लावणं हीच पहिली शिकवणी. बाहेर उणे १८ आणि मी दारातून आले की थेट बॅग उघडायला जायचे, तुम्ही हात धरून थांबवायचात, वाद्याला आधी खोलीची ऊब लागू दे, तोवर कॉफी. पातेल्यात उकळलेली ती कॉफी संपेपर्यंत बॅगेला हात लावायचा नाही. नंतर जी, डी, ए, डी, ए असं लावायचं, म्हणजे बऱ्याच तारा मोकळ्या वाजत राहतात.

आणि मग पोल्स्का, म्हणजे तीन मात्रांचा तुमच्याकडचा लोकनाच आणि त्याच्या चाली. मी लहानपणी चार वर्षं तबल्याच्या क्लासला गेलेय, तीनची लय म्हटलं की डोक्यात दादरा, सगळ्या मात्रा सारख्या. तुमच्या दालार्नातल्या ओर्सा गावच्या पोल्स्कात तीन मात्रा आहेत पण पहिली आखूड, दुसरी लवकर येते आणि लांबते, आणि मी आपली बरोब्बर मोजून छेडायचे आणि दर वेळी तुमच्या व्हायोलिनच्या मागे पडायचे. तीन आठवडे हे चाललं. चौथ्या आठवड्यात तुम्ही माझ्या हातातलं सिटर्न काढून घेतलंत, बाकावर ठेवलंत आणि म्हणालात, "तू दोनला जिथे शोधतेयस तिथे ती नाहीये." आणि किचनच्या लाकडी फरशीवर मला चालायला लावलंत. एकला पाय, तीनला पाय, दोनला शरीर नुसतं वर. तुम्ही गुणगुणताय आणि मी टेबलाभोवती फिरतेय, खिडकीबाहेर बर्फ. अकराव्या की बाराव्या फेरीला ते पायात आलं, मोजणं आपोआप थांबलं आणि मी तिथेच रडायला लागले, कारण इतकी वर्षं मला वाटायचं लय म्हणजे हिशोब.

हातात आणणं वेगळंच अवघड होतं. व्हायोलिनचा गज मात्रा ताणू शकतो, सिटर्नवर छेडलं की आवाज लगेच विरायला लागतो, मग दुसरी मात्रा लांबवायची कशी? तुम्ही स्वतः सिटर्न वाजवत नाही तरी उत्तर तुमच्याकडेच होतं, जास्त छेडू नकोस, कमी छेड. दोनला खालची डीची जोडी थोडी आधी घ्यायची, डावा हात उचलायचा नाही, वाजू द्यायचं आणि पुढचं चक्क सोडून द्यायचं. चाल व्हायोलिनची, मी तिच्या खालून जायचं.

ते अधलेमधले सूर आठवतात? जुन्या चालींमधला तो गंधार, ना कोमल ना शुद्ध, तुमच्या बोटाखाली सहज येतो आणि माझ्या पडद्यांवर तो नाहीच. आले मोलर या स्वीडिश वादकाने तर असल्या सुरांसाठी आपल्या मँडोलाला (मँडोलिनपेक्षा मोठ्या वाद्याला) जास्तीचे पडदे बसवून घेतलेत. माझ्याकडे ते नाहीत, म्हणून मी सतारीसारखी मींड करून बघितली, जोडीतल्या दोन्ही तारा सारख्या ओढाव्या लागतात नाहीतर बेसूर होतं, बोटं सोलवटली. तुम्ही वाजवायचं थांबून म्हणालात, "परत कर." मी सात-आठ वेळा केली. मग तुम्ही विचारलंत हे कुठून आणलंस, आणि त्या संध्याकाळी आपण पोल्स्का वाजवलाच नाही, फोनवर सतार ऐकत बसलो, आणि तरफेच्या, न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा ऐकून तुम्ही म्हणालात की न्यूकेलहार्पाला अशाच १२ असतात.

बिंगशोबद्दल मात्र सगळ्यात जास्त थँक्यू. नावाजलेले व्हायोलिनवादक योर्ट आंदेर्स ओल्सन यांचं एवढंसं गाव, जुलैचा पहिला बुधवार, १९६९ पासूनचा लोकसंगीताचा मेळा, रात्री अकरालाही उजेड आणि झाडाझाडाखाली लोक वाजवतायत. मी बॅग पाठीवर घेऊन कडेला उभी होते, त्या ग्रुपमधलं बोलणं अजून मनात होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, घोळक्यात शिरलात, तुमच्या डाव्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी ठेवलीत आणि चाल सुरूच केली नाहीत. सगळे थांबलेले. मी येऊन तारा लावेपर्यंत थांबलेले.

पुढच्या महिन्यात आम्ही कायमचे पुण्याला परत चाललोय हे तुम्हाला माहितीये. तिकडे माझ्या ओळखीत पोल्स्का वाजवणारं कुणी नाही. तुमच्या पायाच्या ठोक्यासकट रेकॉर्ड केलेल्या चाली फोनमध्ये आहेत, सगळ्या दोन ठिकाणी सेव्ह केल्यात.

एकच मागणं आहे. जुलैत बिंगशोला जाल तेव्हा नातवाला फोन चालू ठेवायला सांगा. तिथे रात्रीचे अकरा म्हणजे पुण्यात अडीच, मी जागी असेन, तारा लावून.

तुमची,
पुण्याची सिटर्नवाली