होलोग्राफिक साठवण: पेटंट नेमके कशावर?

संपादक महोदय,

होलोग्राफिक डेटा साठवणुकीवरील आपला लेख वाचून या तंत्राचे 'पेटंट' कुणा एका कंपनीच्या खिशात आहे असा समज होतो. तसे नाही. पदार्थाच्या जाडीत माहिती साठवण्याची कल्पना पीटर व्हॅन हीर्डन यांनी १९६३ मध्येच छापली होती. वाद होतात ते तपशिलांवर.

लेसर दोन किरणांत विभागतात. एकावर लाखो ठिपक्यांचे 'पान' चढवतात, दुसरा संदर्भ किरण. दोन्ही फोटोपॉलिमरमध्ये (प्रकाशाने बदलणाऱ्या प्लास्टिकमध्ये) भेटले की सूक्ष्म जाळी उमटते. संदर्भ किरणाचा कोन जरासा बदलून त्याच जागी पुढचे पान लिहिता येते. मात्र पॉलिमर बनताना आकसतो, जाळी तिरकी होते आणि लिहितानाच्या कोनातून वाचले तर पान अंधुक येते. तापमान बदलले तरी हीच रड. म्हणून मोलाची पेटंटे रसायनाची (आधी घट्ट झालेला आधार, त्यात लिहिण्यासाठी वेगळा मोनोमर, म्हणजे जोडून पॉलिमर बनणारा लहान रेणू) आणि वाचताना कोन किंवा तरंगलांबी जुळवून घेण्याची.

जपानच्या ऑप्टवेअर कंपनीने दोन्ही किरण एकाच भिंगातून समाक्ष, म्हणजे एकाच अक्षावर नेले. 'वेगवेगळ्या कोनांतून येणारे दोन किरण' असा क्लेम (पेटंटात हक्काची हद्द ठरवणारे वाक्य) त्यावर शब्दशः बसत नाही. अमेरिकेत अशा वेळी समतुल्यतेचा मुद्दा काढतात, म्हणजे शब्द वेगळे असले तरी काम मुळात तेच आहे असा दावा करतात. पण मंजुरीसाठी अर्जदाराने तोच क्लेम आखडता घेतला असेल तर ती वाट बहुतेक बंद होते. तेव्हा पेटंटाइतकीच अर्जाची फाईलही (पेटंट कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार) वाचावी. कंटाळवाणे काम, पण निकाल अनेकदा तिथेच दडलेला असतो.

मालकीही तपासावी. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतून २००० मध्ये निघालेली इनफेज ही कंपनी ३०० जीबीच्या ड्राइव्हचे वायदे करत २०१० मध्ये थंडावली. तिची मालमत्ता अकोनिया या कंपनीकडे गेली आणि २०१८ मध्ये अकोनिया अ‍ॅपलने घेतली, तीही डोळ्यांसमोर संगणकीय चित्रे दाखवणाऱ्या चष्म्यांच्या काचांसाठी!

मुदत अर्जापासून २० वर्षे. ती संपली म्हणून निर्धास्त होऊ नये: अमेरिकेत दावा दाखल होण्याआधीच्या सहा वर्षांत, पेटंट जिवंत असताना झालेल्या उल्लंघनाची भरपाई मागता येते. शुल्क थकून रद्द झालेले पेटंटही विलंब हेतुपुरस्सर नसेल तर पुन्हा जिवंत होऊ शकते.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी भारतात अर्ज झाला होता का, हे आधी पाहावे. आंतरराष्ट्रीय अर्ज अग्रक्रमाच्या तारखेपासून (त्या शोधाच्या सर्वांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांत इथे आणला नसेल, तर सहसा त्या शोधावर भारतात हक्क उरत नाही. हक्क असला तरी भारतीय पेटंट कायद्याचे कलम ४७ प्रयोग, संशोधन आणि अध्यापनाला मोकळीक देते. माल अमेरिकेला पाठवायचा झाल्यास तिथली पेटंटे मात्र आडवी येतील.

— एक पेटंट एजंट, पुणे