द्राक्षाचं तापमान करारात आहे, ते भरणाऱ्या बाईचं का नाही?

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी निफाड तालुक्यात द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम करते. यंदाचा सतरावा सीझन. घरचे चेष्टेनं म्हणतात, ही द्राक्षांचा ताप बघते, आणि ते खरंच आहे. काट्याचा थर्मामीटर मण्यात खुपसायचा, आकडा थांबला की वहीत लिहायचा, वेळ टाकायची, सही करायची. बागेतून क्रेट उतरले की एकदा, पॅकिंग झालं की एकदा, प्रिकूलिंगमध्ये, म्हणजे माल झटपट गार करायच्या खोलीत, तासातासाला आणि कंटेनर भरताना दर पॅलेटला, म्हणजे फळीवर रचलेल्या पेट्यांच्या दर थप्पीला. सकाळी पंचवीस-सव्वीस अंशांवर आलेला माल सहा ते आठ तासांत 4 अंशांच्या खाली न्यायचा आणि पुढं शून्याच्या आसपास धरून ठेवायचा. पेट्यांच्या मध्ये तापमान आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर ठेवलेला असतो. रॉटरडॅमला कंटेनर उघडला की खरेदीदार तो काढून घेतो आणि न्हावा शेवापासूनचा सगळा प्रवास त्याच्यासमोर उलगडतो. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, बोटी केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या, प्रवास पंधरवड्यानं लांबला. तेव्हापासून तर अर्ध्या अंशासाठीही फोन येतो.

हे सगळं करारात लिहिलेलं असतं. तापमान किती, ते कुठं मोजायचं, किती वेळानं मोजायचं, चुकलं तर क्लेम, म्हणजे भरपाई, कोणावर. मला त्याचा राग नाही. त्या कलमामुळंच माझी नोकरी आहे.

पण माझ्या वहीत आता एक जादा रकाना आहे. तो कोणी सांगितला म्हणून आलेला नाही.

मागच्या एका एप्रिलमधली गोष्ट. पॅकिंग हॉलला लागून पत्र्याची शेड आहे, तिथं बायका पेट्या जोडतात, द्राक्षं भरायचे छोटे डबे, म्हणजे पनेट, लावून ठेवतात. दुपारचे पावणेतीन झाले असतील. पेठ तालुक्यातून टोळीबरोबर आलेली एक पोरगी, विशीचीही नसेल, मला म्हणाली, "ताई, डोळ्यापुढं काळं येतंय." मी वळेपर्यंत ती पेट्यांच्या ढिगाला टेकून खाली सरकली होती. अंग चटके बसावेत इतकं तापलेलं, आणि घाम नाही. आसपास गार जागा एकच, प्रिकूलिंगच्या दाराशी. दोघींनी धरून तिला तिकडं नेलं, पट्ट्यांचा पडदा बाजूला केला. मॅनेजर धावत आला. म्हणाला, "मॅडम, दार उघडं राहतंय, आतलं टेम्परेचर वर जाईल."

तो वाईट माणूस नाही. आतमध्ये एका कंटेनरचा माल होता आणि त्या मालाला करार होता. पोरीला करार नव्हता. आम्ही तिला लिंबाच्या झाडाखाली आडवं केलं, ओल्या ओढणीनं अंग पुसत राहिलो, शेवटी मुकादमाच्या जीपमधून दवाखान्यात पाठवलं. ती वाचली. पुढच्या सीझनला आली नाही.

तिला पाठवल्यावर मी हातातला तोच थर्मामीटर पुसला आणि शेडमध्ये छातीच्या उंचीवर धरला. 41.5. वहीत लिहायला गेले आणि थांबले. कारण लिहून पुढं काय? द्राक्षाचा आकडा 4.5 आला असता तर मी लाइन थांबवली असती, आणि मालकानंही काही म्हटलं नसतं. 41.5 ला काय थांबवायचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी कायदा वाचला. वकील नाही, पण मराठी वाचता येतं. कारखाने अधिनियम 1948, कलम 13 सांगत होतं की कामाच्या जागेचं तापमान कामगारांना वाजवी आराम मिळेल आणि प्रकृतीला अपाय होणार नाही असं असावं. वाजवी! द्राक्षाच्या करारात कोणी "वाजवी गारवा" असं लिहिलं तर खरेदीदार हसेल. गंमत म्हणजे त्या जुन्या कायद्यात छताला चुना मारा, पाणी फवारा, दुहेरी छप्पर करा, छत उंच करा असे उपायसुद्धा नावानिशी दिले होते. म्हणजे 1948 साली हे लिहिणाऱ्यानं पत्र्याखालची दुपार पाहिलेली होती. त्याच कायद्यात पिण्याच्या पाण्याचंही कलम होतं: 250 पेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गार करून द्यायचं. आमच्याकडं भर सीझनला दोनशेच्या आत-बाहेर माणसं असतात. त्यांची तहान कमी असते असं काही नाही.

आता त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तीत हवा, तापमान, आर्द्रता हे शब्द आहेत, आकडा नाही. शिवाय विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायची मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर गेली. छोटी शेड होती तीही यातून सुटली.

माझे सासरे लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते. ते सांगायचे, खात्यात वाफ सोडायचे, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. माणसं भिजून चिंब व्हायची, पण सूत सलग राहायचं. गरम हवा मोजायची पद्धत आपल्याकडं फार जुनी आहे, फक्त ती कायम मालाच्या बाजूनं मोजली गेली.

तुम्ही म्हणाल, बाई, कायदा आहे, निरीक्षक आहेत, तक्रार करा. मी तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. कागदावरच्या आकड्यात किती ताकद असते ते आम्ही द्राक्षवाल्यांनी अंगावर घेतलंय, ते सांगायला लिहितेय. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले. आमच्याकडं त्याला सगळे लिहोसिन म्हणतात. कंटेनर अडकले, भाव कोसळले, आमच्या भावकीतल्या दोघांनी त्या वर्षी बाग काढून टाकली. पण त्यानंतर काय झालं? ज्या शेतकऱ्याला वीस वर्षं कृषी सहायक समजावून दमला होता तो एका हंगामात स्वतःहून विचारायला लागला की कोणत्या औषधाचा किती दिवसांचा पीएचआय आहे, म्हणजे फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही. प्लॉटची नोंद, लॅबचा रिपोर्ट, मग तोडणी. का? कारण खरेदीदाराच्या कागदावर दशांश चिन्हासकट आकडा होता आणि त्या आकड्याला पैसे जोडलेले होते. प्रबोधनानं जे झालं नाही ते एका कलमानं झालं.

माझी मागणी त्यातूनच येते. ज्या करारात मालाचं तापमान लिहिलंय त्याच करारात तो माल हाताळणाऱ्या माणसाच्या जागेचंही तापमान लिहिलं जावं. त्याच वहीत, तितक्याच वेळानं, त्याच सहीनं.

आकडा किती, हे तज्ज्ञांनी ठरवावं. नुसता पारा पुरत नाही हे मलाही कळतं. दमट हवेतले 36 कोरड्या हवेतल्या 40 पेक्षा वाईट असतात, आणि पत्र्याची धग साध्या थर्मामीटरला पुरती कळतच नाही. त्यासाठी वेट बल्ब ग्लोब नावाचं माप आहे. उघड्यावर ते काढताना ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरला दहात सात भाग, काळ्या गोळ्यातल्याला दोन आणि साध्याला एक भाग वजन देतात. कतारनं 2021 मध्ये या मापाचा 32.1 हा आकडा लिहिला: त्याच्या वर गेलं की काम बंद. शिवाय 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम नाही. केरळात कामगार खातं उन्हाळ्यात दुपारी 12 ते 3 उन्हातलं काम थांबवायला लावतं. आपल्यालाही हे जमत नाही असं नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषणच्या सोहळ्यात उन्हानं चौदा माणसं गेली, त्यानंतर दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असं आपल्याच सरकारनं सांगितलं. सत्कार ऐकायला बसलेल्याला दुपार धोक्याची असते, तर क्रेट उचलणाऱ्याला ती सोयीची कशी?

आता जिथं खरी गाठ आहे तिथं येते. नुसतं "विश्रांती द्यावी" लिहून काही होणार नाही, कारण आमच्याकडं बायका नगावर काम करतात. पेटीमागं पैसे. अर्धा तास सावलीत बसवलं की तिचे अर्ध्या तासाचे पैसे गेले. मी स्वतः बायकांना सांगून पाहिलंय, "बसा गं जरा." एक मावशी म्हणाली, "बसायला तुझं काय जातंय?" बरोबरच होतं तिचं. तेव्हा सक्तीच्या विश्रांतीची मजुरी करारातच धरलेली हवी, आणि ती ठेकेदाराच्या नव्हे, मूळ कामाच्या दरात.

दुसरी गाठ उशिराची. माल अमुक वाजता कंटेनरमध्ये गेला नाही तर दंड, हे कलम प्रत्येक करारात असतं. ते तसंच ठेवून वर उष्णतेचं कलम चिकटवलं तर मालक एका हातानं पंखा लावील आणि दुसऱ्या हातानं घड्याळ दाखवील. पूर आला, संप झाला, बंदर बंद पडलं तर दंड माफ असतो. त्या यादीत "ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त उष्णतेमुळं थांबवलेलं काम" एवढे शब्द वाढवायचे आहेत. मला विचाराल तर सगळ्या मागणीत सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे, कारण हिला पैसा लागत नाही आणि हिच्याशिवाय बाकीच्या ओळी कोणी पाळणार नाही.

थंडीचं कोणी बोलतच नाही. कोल्ड स्टोअरमध्ये पॅलेट लावणारी पोरं बाहेरच्या उन्हातून घामानं भिजलेला शर्ट घेऊन शून्य अंशात जातात. मी काम केलेल्या एका ठिकाणी सहा जणांत दोन जॅकेटं होती. एकानं काढलं की दुसऱ्यानं घालायचं, आतून ओलं. दार सारखं उघडायचं नाही म्हणून एकदा आत गेलं की रचाई संपेपर्यंत बाहेर यायचं नाही. माशांच्या आणि आइस्क्रीमच्या गोदामात तर उणे 18 असतं. आत सलग किती मिनिटं राहायचं, बाहेर किती वेळ ऊब घ्यायची, जॅकेट माणशी एक, हेही त्याच कलमात बसतं.

युरोपच्या खरेदीदाराला तुम्ही हुकूम देऊ शकत नाही, हे मला कळतं. पण सरकार स्वतः मोठा खरेदीदार आहे. लशी 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असं आपण पुरवठादाराला लिहून देतो. औषधं, दूध, धान्याची गोदामं, वाहतूक, सगळ्याच्या निविदा सरकार काढतं. त्या निविदांत हे कलम घाला. आणि तुमच्या खात्याकडं तर माथाडी मंडळं आहेत. 1969 चा माथाडी कायदा या राज्यानं केला, देशात आपण पहिले. हमालाच्या पाठीवरचं पोतं 50 किलोवर आलं ते मालकांना दया आली म्हणून आलं नाही, आकडा लिहून घेतला म्हणून आलं. मंडळांचे मजुरीचे करार पुढच्या वेळी होतील तेव्हा वजनाच्या आकड्याशेजारी तापमानाचा आकडा येऊ द्या.

निर्यात महाग होईल, असं काही जण तुम्हाला येऊन सांगतील. आमच्या पॅकहाऊसमध्ये गेल्या वर्षी शेडच्या पत्र्याला पांढरा रंग मारला, दोन मोठे पंखे लावले आणि पेट्या जोडायचं काम पहाटे साडेपाचला सुरू केलं. दुपारी अडीचला माझ्या जादा रकान्यात 37 आला. चार-साडेचार अंश कमी. खर्च किती आला ते मालकांनी मला सांगितलं नाही, पण एका कंटेनरच्या क्लेमपेक्षा नक्की कमी असणार, नाहीतर ते सांगत सुटले असते.

द्राक्षाचे करार दिवाळीनंतर होतात आणि जानेवारीत तोडणी सुरू होते. परिपत्रक त्याआधी निघालं तर येत्या सीझनला धरता येईल. मार्चमध्ये निघालं तर सगळे म्हणतील, आता पुढच्या वर्षी. माझ्या वहीच्या त्या रकान्याच्या गेल्या तीन सीझनच्या नोंदी आहेत. तुमच्या कार्यालयानं मागितल्या तर झेरॉक्स काढून पाठवते.

आपली,
एक क्वालिटी सुपरवायझर,
ता. निफाड, जि. नाशिक