आधी दोर बघ, केबिन मागाहून

उद्यमबाग, बेळगाव
१४ जून

प्रिय संतोष,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाले. तिकडं युरोपात तुझ्या हॉटेलमागच्या डोंगरावरची जुनी खुर्च्यांची लिफ्ट काढून तिथं गोंडोला, म्हणजे दोराला लटकून फिरणाऱ्या बंद केबिनींचा रोपवे होणार आणि तुला डिसेंबरपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसणार, हे वाचून खरंच हेवा वाटला. "काम दिसतं, पण काय चाललंय ते कळत नाही" असं लिहिलंयस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जमलं तर फुरसतीच्या वेळी एकेक टप्पा ताडून बघ.

पहिली गोष्ट म्हणजे, तिथलं वर्ष आपल्या उलटं. आपल्याकडे मिरगाचा पाऊस लागला की खानापूर-जांबोटीकडचं स्लॅबचं काम थांबतं. तिथं बर्फ वितळल्याशिवाय खणताच येत नाही, म्हणून सगळं काँक्रीट आपल्या पावसाळ्यात. बेंदूर-नागपंचमीपर्यंत पाये, गणपतीच्या सुमाराला टॉवर, दसऱ्याला दोर, दिवाळीनंतर चाचण्या. यातला एक टप्पा तीन आठवडे मागं पडला, की शेवटाला चाचणीचे दिवस कापले जातात. घाई नेमकी तिथंच वाईट.

तू पाठवलेले आकडे मांडून बघू. लांबी २,१०० मीटर, चढ ५०० मीटर, दहा माणसांची केबिन, तासाला २,४०० माणसं, वेग सेकंदाला ६ मीटर. तासाला २,४०० म्हणजे २४० केबिन, दर १५ सेकंदाला एक. १५ सेकंदात दोर ९० मीटर सरकतो, म्हणून दोन केबिनमधलं अंतर ९० मीटर. जाऊन-येऊन ४,२०० मीटरवर साधारण ४७ केबिन, शिवाय स्टेशनात फिरणाऱ्या वेगळ्या. स्टेशनात केबिन सेकंदाला ३० सेंटीमीटरनं सरकते, तेव्हा तेच १५ सेकंद म्हणजे साडेचार मीटर. लोक विचारतात, म्हाताऱ्यांसाठी आणखी हळू का करत नाहीत? निम्मा वेग केला तर सव्वादोन मीटरवर पुढची केबिन येऊन आदळेल की.

मोटारचा हिशोबही असाच. तासाला २,४०० माणसं, माणशी ८० किलो धरली तर सेकंदाला ५३ किलो वजन ५०० मीटर उचलायचं. नुसत्या उचलण्यालाच २६० किलोवॉट लागतात. केबिनचं वजन दोन्ही बाजूंना सारखं, ते एकमेकांना तोलून धरतं. वर घर्षण, दोर वाकवायला लागणारी ताकद आणि थांबलेली भरलेली लाइन पुन्हा सुरू करायचा जोर, असं धरून मोटार त्याहून बरीच मोठी बसवतात.

आता पाये. तुझ्या तिसऱ्या फोटोत खड्ड्यात सळ्यांचा पिंजरा आहे, त्यातून वर आलेल्या जाड बोल्टांवर पोलादी कडं घातलेलं दिसतं. ते कडं म्हणजे टेम्प्लेट. टॉवरच्या तळाच्या फ्लँजला, म्हणजे बाहेर आलेल्या पोलादी काठाला जशी भोकं, तशीच त्याला. काँक्रीट ओतताना बोल्ट हलले तर सगळं मुसळ केरात, कारण साइटवर फ्लँजची भोकं वाढवायची नसतात. आट्यांना ग्रीस फासून वर पाइप किंवा चिकटपट्टी लावली आहे का ते बघ. नसेल तर सिमेंटचं पाणी आट्यांत जाऊन बसतं आणि ऑगस्टमध्ये नट फिरत नाही. बोल्टावर खाली एक नट, त्यावर फ्लँज, वरून दुसरा नट. खालचे नट फिरवून टॉवर नेमका लावतात आणि मग फ्लँजखालची फट न आकसणाऱ्या ग्राउटनं, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणानं भरतात.

टॉवर उभे राहिले की ते तिरके दिसतील. फोन करून "काम वाकडं केलंय" म्हणू नकोस! इथं ओळंबा चालत नाही. टॉवरवर दोराचा जोर ज्या दिशेनं येतो त्या दिशेला टॉवर धरायचा असतो, म्हणून चढावर तो उताराच्या, खालच्या बाजूला कलतो. बोल्टही तसेच तिरके बसवलेले असतात. हे सगळं टोटल स्टेशननं, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रानं मोजतात.

जिथं रस्ता नाही तिथं काँक्रीट हेलिकॉप्टरनं जातं. घनमीटरला २,४०० किलो, आणि बादलीत मावतं फार तर तृतीयांश ते अर्धा घनमीटर. तीस घनमीटरचा पाया म्हणजे साठ ते नव्वद फेऱ्या, त्याही एकामागून एक, कारण मध्ये थांबलं तर सांधा पडतो. उडणं पहाटे सुरू होतं, त्यालाही कारण आहे. थंड हवा दाट असते, मशीन जास्त उचलतं. दुपारी तेच मशीन कमी उचलतं आणि वारा सुटतो तो वेगळाच. लटकत आलेला भार जमिनीला टेकायच्या आधी कामगार हात लावत नाहीत, कारण पंख्याच्या घर्षणानं त्यावर स्थिर वीज साठलेली असते.

हेलिकॉप्टर उडत असताना बाजूची चालू लिफ्ट बंद ठेवतात का, हे मात्र नक्की बघ. ५ सप्टेंबर २००५ ला ऑस्ट्रियातल्या सॉल्डनमध्ये हेलिकॉप्टरवरून सुटलेली काँक्रीटची जड बादली खालच्या चालू रोपवेवर पडली आणि नऊ जण गेले. काम होतं एका ठिकाणचं, जीव गेले दुसऱ्याच लाइनवरचे.

थंडीत काँक्रीटची आणखी एक भानगड असते. पारा पाच अंशांखाली गेला की ते फार सावकाश पकडतं, आणि ताकद येण्याआधी आतलं पाणी गोठलं तर पाया आतून भुसभुशीत होतो. वरून काही दिसत नाही. म्हणून एखादा पाया सप्टेंबरपर्यंत लांबला तर रात्री त्यावर चादरी, कांबळी पांघरलेली दिसतील. आपण गोणपाट घालून पाणी मारतो ते वाळू नये म्हणून, तिथं झाकतात ते गारठू नये म्हणून.

टॉवरच्या डोक्यावर दोन बाजूंना पुल्यांच्या रांगा असतात. चार, सहा, आठ, बारा अशा, जोडीजोडीनं तोलपट्टीवर बसवलेल्या, म्हणजे वजन सगळ्यांवर सारखं वाटलं जातं. काही टॉवरवर पुल्या दोराखाली असतात, दोराला आधार देणाऱ्या. काहींवर दोराच्या वर, त्याला खाली दाबून धरणाऱ्या. डोंगराचा उतार जिथं एकदम वाढतो त्या खळग्यात दाबणारा टॉवर नसेल, तर ताणलेला दोर सरळ होऊन हवेत उठेल. पुलीच्या खोबणीत रबरी अस्तर असतं. टॉवर काही मिलिमीटर जरी रेषेबाहेर असला तरी अस्तर एका बाजूनं झिजतं. पहिल्या महिन्यात टॉवरखाली काळी भुकटी पडलेली दिसली, की समजायचं तिथं रेष चुकली आहे. दोर उतरलाच तर पुलीजवळची एक ठिसूळ पट्टी तुटते, सुरक्षेचं सर्किट तुटतं आणि लाइन थांबते. बाहेरच्या बाजूला दोर झेलणारा आकडाही असतो.

आणि आता दोर. हा टप्पा चुकवू नकोस, हवी तर रजा टाक.

५० मिलिमीटरचा दोर मीटरला साधारण साडेनऊ किलो भरतो, तेव्हा पूर्ण वेढा चाळीस टनांच्या आसपास. उसाचे दोन भरगच्च ट्रक समज. एवढं वजन थेट ओढत नाहीत. आधी हेलिकॉप्टरनं किंवा ड्रोननं हलकी नायलॉनसारखी दोरी टॉवरांवरून टाकतात, तिनं जाड दोरी, तिनं बारीक पोलादी दोर, आणि त्यानं खरा. मागचं रीळ ब्रेक लावून सोडतात, कारण दोर जमिनीला टेकता कामा नये. दगडावर घासून एक तार जरी कापली तरी ती जागा कायमची कमजोर. दोर पिळाचा असल्यामुळे ताणला की उलगडू पाहतो, म्हणून टोकाशी फिरू न देणारं वजन लोंबकळत ठेवलेलं असतं.

मग दोन टोकं जोडायची. नाडा जोडतो तशी गाठ नाही, क्लँप नाही, वेल्डिंग तर नाहीच. स्प्लाइस, म्हणजे गुंफण. युरोपच्या नियमानुसार तिची लांबी दोराच्या व्यासाच्या १,२०० पट, म्हणजे तुमच्याकडे निदान ६० मीटर. दोरात सहा पेड, मध्ये गाभा. दोन्ही टोकं एकमेकांवर ६० मीटर चढवून ठेवतात. एका टोकाचा एक पेड उलगडत मागं न्यायचा आणि रिकाम्या झालेल्या खाचेत दुसऱ्या टोकाचा पेड बसवत जायचं. असं आळीपाळीनं, दोन्ही दिशांना. शेवटी सहा पेडांच्या सहा भेटीच्या जागा होतात, एकमेकींपासून लांब लांब. प्रत्येक जागी दोन शेपट्या उरतात. तिथला गाभा कापून काढतात आणि त्या शेपट्या दोराच्या पोटात घालतात. पेड गाभ्यापेक्षा बारीक असेल तर त्यावर पट्टी गुंडाळून जाडी जुळवतात, म्हणजे बाहेरचे पेड त्याला घट्ट आवळतात. दोर जितका ताणावा तितकी पकड वाढते. सगळी करामत घर्षणाची.

या कामाला दहा-बारा माणसं लागतात, पण हुकूम एकाचाच. लाकडी हातोडे, जाड पोलादी सुया आणि मोजपट्टी, यापलीकडे फारसं यंत्र नाही. आपल्याकडे एवढ्या सीएनसी मशिनी आहेत, पण हे काम अजून हातानंच होतं. बिघडतं ते असं: शेपटीची पट्टी सैल असेल तर त्या जागी दोर खोलगट होतो, जास्त असेल तर फुगतो. फुगलेली जागा प्रत्येक पुलीवरून टक् करत जाते आणि तिथल्या तारा आधी तुटतात. लिफ्ट रिकामी फिरत असताना टॉवरखाली उभा राहून ऐक. सहा जागा आहेत, पण टकटक ऐकू येता कामा नये.

नवा दोर ताणतोही. पेड एकमेकांत दबून बसतात आणि सुरुवातीला काही मीटर लांबी वाढते. शेवटच्या स्टेशनातलं मोठं चाक रुळांवरच्या गाड्यावर असतं आणि हायड्रॉलिक सिलिंडर त्याला मागं खेचून ताण राखतो. गाड्याची जागा संपली की दोर कापून पुन्हा गुंफायचा. पहिल्या मोसमानंतर लिफ्ट दोन-चार दिवस बंद ठेवून हे करताना दिसले, तर काही बिघडलंय असं समजू नकोस.

केबिनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण फोटो सगळे तिचेच काढतात. खरी वस्तू तिच्या डोक्यावरची ग्रिप. स्प्रिंगच्या जोरावर ती दोर पकडते, स्टेशनात शिरताना एका वळणदार पट्टीवर दांडा दबून उघडते, मग टायरांची रांग केबिनचा वेग कमी करते, फिरवते आणि पुन्हा दोराच्या वेगाला आणून सोडते. टायर आणि दोर यांचा वेग जुळला नाही तर ग्रिप दोरावर घसरत बसते आणि दोघांनाही खरवडते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ग्रिपची पकड दर फेरीला मोजली जाते, कमी भरली तर लाइन आपोआप थांबते. हिवाळ्यात दोन-तीन मिनिटांसाठी लिफ्ट थांबते, त्यामागं बहुतेक वेळा असंच एखादं सेन्सर नाहीतर टायरांचा पट्टा असतो. लोक उगाच घाबरतात.

ब्रेक दोन. एक मोटारीच्या वेगवान शाफ्टवर, दुसरा थेट मोठ्या चाकाच्या कडेवर. दुसरा स्प्रिंगनं बंद होतो आणि तेलाच्या दाबानं उघडा राहतो, म्हणजे वीज गेली, नळी फुटली, तरी तो लागणारच. मधला गिअरबॉक्स तुटला तर पहिला कुचकामी, म्हणून दुसरा चाकावरच. वीज नसताना केबिन स्टेशनात आणायला डिझेल इंजिन वेगळं.

नोव्हेंबरात, आपल्याकडे काळ्या दिनाच्या फेरीचा गलका ओसरेपर्यंत, तिथं पाण्याची चाचणी लागेल. दहा माणसांचे ८०० किलो, म्हणून प्रत्येक केबिनमध्ये सुमारे ८०० लिटर पाण्याची पिंपं किंवा पिशव्या. चढती बाजू भरलेली, उतरती रिकामी, पूर्ण वेगात, आणि ब्रेक मारायचा. मग उलट करून पुन्हा. दुसरी जास्त अवघड, कारण वजन स्वतःहून खाली धावायला बघतं. थांबायला किती मीटर लागले ते लिहितात. फार लवकर थांबली तरी नापास, कारण मग केबिन झोके खातात. नव्या दोराची चुंबकीय तपासणीही आत्ताच होते. पुढं दर वेळी तुटलेल्या तारा या तपासणीच्या आलेखाशी ताडून बघतात.

लाइनच्या दोन्ही बाजूंची झाडंही बघ. गुलमर्गचा गोंडोला १९९८ साली सुरू झाला, दुसरा टप्पा २००५ मध्ये. तिथं २५ जून २०१७ ला वादळी वाऱ्यात पाइनचं झाड दोरावर कोसळलं आणि सात जण गेले. मशीन कितीही चांगलं असू दे, पडून दोराला पोचेल एवढं उंच झाड लाइनच्या कडेला राहू देऊन चालत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या टॉवरमध्ये डावीकडं तुझ्या फोटोत एक कललेलं झाड दिसतंय. त्याची मुळं खणताना उघडी पडलीत का, जवळ जाऊन बघून कळव.

आणि उद्घाटनाआधी सुटकेची रंगीत तालीम होईल. दोरावरून सरकत जाऊन माणूस केबिनच्या छतावर उतरतो, दार बाहेरून उघडतो आणि एकेकाला खाली सोडतो. हॉटेलच्या नोकरांना प्रवासी म्हणून बोलावतात असं ऐकलंय. बोलावलं तर जा, फक्त जाड हातमोजे घाल.

वहिनींना नमस्कार सांग. आपली बेळगावची मिठाई, कुंदा पाठवलाय, तिथल्या थंडीत आठवडाभर सहज टिकेल. पुढचे फोटो पायाच्या बोल्टांचे पाठव, जवळून, आट्या दिसतील असे.

तुझा,
बाळू