दांडिया बाजारातल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझ्या धाकट्याला तुम्ही जे शिकवलंत त्याबद्दल समोर आभार मानायला आलं की तुम्ही "अगं, पोरं खेळतात, त्यात काय" म्हणून चहाचं विचारता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 'संगणकीय विचार', म्हणजे काम लहान पायऱ्यांत मोडून क्रमानं मांडणं, हे शब्द वाचले तेव्हा मी समजले होते की आता घरात संगणक घ्यावा लागणार. तुम्ही जमिनीवर बसून दाखवलंत की पडदाही लागत नाही. तुमच्या लेकीनं इंग्लंडहून आणलेली ती पिवळी मधमाशी, बी-बॉट नावाचा खेळण्यातला रोबो, पाठीवर बाणांची बटणं. एक पाऊल 15 सेंटिमीटरचं, वळण जागच्या जागी 90 अंशांचं. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं चिकटवून तुम्ही तेवढेच चौकोन आखलेत आणि त्यावर आपलं जुनं वडोदरा मांडलंत: मधोमध मांडवी आणि चार दिशांना चार दरवाजे, पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट.

माझा धाकटा लहेरीपुऱ्याहून गेंडीगेटला सहज पोचला. पुढे 3, उजवीकडे, पुढे 3. मग तुम्ही मधमाशी पाणीगेटला ठेवलीत. त्यानं पुन्हा 'उजवीकडे' दाबलं आणि ती चांपानेरला गेली. तो हट्टानं म्हणत राहिला, "गेंडीगेट उजव्या हातालाच आहे!" खरंच आहे त्याचं. आपण दांडिया बाजारातून निघतो, लहेरीपुऱ्यातून आत शिरतो, गेंडीगेट कायम उजवीकडेच येतं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत. त्याला पाणीगेटवर उभं केलंत, तोंड मांडवीकडे, आणि म्हणालात, "आता तू मधमाशी. चाल." तो चालला, मांडवीशी थबकला, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिला. तो चेहरा मी विसरणार नाही.

मागाहून तुम्ही सेमोर पॅपर्ट यांच्याबद्दल सांगितलंत. 1967 मध्ये ज्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवली, त्यांतले ते एक. पुढे त्यांचं 'कासव', म्हणजे त्या भाषेच्या सूचनांवर चालणारा छोटा रोबो, जमिनीवर रेघा ओढत फिरायला लागलं, आणि मूल अडलं की तिथेही हेच: तू कासव हो, चालून बघ.

पण सगळ्यात जास्त आभार त्या रडारडीच्या दिवसाचे. रस्ता बरोबर लिहिलेला, तरी मधमाशी भलतीकडे जाऊन पाटाला धडकली. "बिघडली!" म्हणून त्यानं ती ढकलून दिली. माझा हात पुढे झाला होता, तुम्ही नजरेनंच थांबवलंत. "बिघडली नाही रे. तू आधी सांगितलेलंही तिनं लक्षात ठेवलंय." मग गप्प बसलात. किती वेळ! शेवटी त्यालाच उमगलं, की पुसायचं बटण दाबलंच नव्हतं, म्हणून जुन्या सूचनांना नव्या जोडल्या गेल्या. मी असते तर पहिल्याच क्षणी बटण दाबून मोकळी झाले असते, आणि शोध त्याचा राहिला नसता.

काका, हा मुलगा एक गणित चुकलं की वहीचं पान फाडायचा. मी समजावलं, रागावले, आमिषंही दाखवली. परवा हातच्याची वजाबाकी चुकली. तो एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आला आणि स्वतःशीच म्हणाला, "इथपर्यंत बरोबर आहे." पान शाबूत आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

रविवारी तो येतोय. सुरसागर तलावाला फेरी मारायचा रस्ता त्यानं कागदावर लिहून ठेवलाय: 'पुढे 4, उजवीकडे. हे चारदा.' तुमच्या मधमाशीला 40 सूचनाच लक्षात राहतात, हे तुम्ही सांगितलेलं त्यानं पक्कं धरलंय. एका फेरीला 20 लागतात, म्हणजे दोन फेऱ्या होतील, हे त्याचंच गणित. तिसरी कशी मारायची ते काकांना विचारणार आहे म्हणतो. कृपा करून लगेच सांगू नका.

तुमची,
पलीकडच्या वाड्यातली सूनबाई