काढलेला पार्ट गिऱ्हाईकाला परत द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अडगळीतल्या जुन्या वस्तूंवर लेख होता, त्यात गिटारबद्दल मोजून चार ओळी होत्या आणि त्या चार ओळींनी माझा आठवडा खाल्ला. लेख वाईट नव्हता हो, पण जुनी गिटार ओरिजिनल असेल तर लाखांत जाते एवढंच लिहून सोडून दिलं आणि लगेच मला फोन सुरू झाले, कारण ओळखीच्या लोकांत मी जुन्या गिटारींचा वेडा म्हणून बदनाम आहे. एकाने गिब्सन आहे (म्हणजे नावाजलेली अमेरिकन कंपनी), लगेच ये म्हणून बोलावलं, गेलो तर गिव्हसन, कलकत्त्याची. त्यात बिचाऱ्या गिटारचा काय दोष, नाव नीट वाचायला नको का.

मुद्दा असा की ओरिजिनल हा शब्द सगळे वापरतात पण ओरिजिनल काय ते बघायचं कसं हे कुणी सांगत नाही. माझाच अनुभव सांगतो. मागच्या वर्षी वसईला एका घरी गेलो होतो. घरातले काका बोटीवर होते, आता नाहीत, मावशी एकट्या असतात. गिटार कपाटावर केसमध्ये, केस उघडल्यावर जो कुबट वास आला तो पन्नासेक पावसाळ्यांचा असणार. आत लालसर सनबर्स्ट रंगाची, म्हणजे कडेला गडद आणि मधे फिकट होत जाणारी, छोटी गिब्सन. मावशी म्हणाल्या ५८ साली आणलेली, आमच्या लग्नाच्या आधी, कुणी हातसुद्धा लावलेला नाही, अगदी ओरिजिनल.

मी कुठेही जाताना छोटी टॉर्च, डेंटिस्टकडे असतो तसला आरसा, एक स्टीलची फूटपट्टी आणि व्हर्नियर घेऊन जातो. बायको म्हणते इन्स्पेक्शनला चाललाय की चोरीला. असो.

आधी गिटारचं डोकं, म्हणजे ट्युनिंगच्या चाव्या असतात ते टोक, उलटं करून मागे बघितलं, लाकडात नंबर ठोकलेला होता. इथे लोक फसतात. मार्टिन कंपनीचं सोपं असतं, १८९८ पासून त्यांचे नंबर ओळीने चालत आलेत, आत नेकच्या (तारांखालच्या लांब दांड्याच्या) ठोकळ्यावर असतो, यादी काढायची की वर्ष मिळालं. गिब्सनचं साठच्या दशकात नुसतं कडबोळं आहे, तोच नंबर दोन-तीन वेगवेगळ्या वर्षी वापरलाय, त्यामुळे नुसत्या नंबरावरून वर्ष सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण एक कळतं, असा ठोकलेला नंबर डोक्यामागे १९६१ पासून यायला लागला, आणि १९७० पासून त्याच्याबरोबर मेड इन यूएसए असाही शिक्का येतो. इथे तो शिक्का नव्हता. म्हणजे साठचं दशक. मग नट मोजला, जिथे तारा डोक्याकडे वळतात ती पट्टी. १९६५ च्या सुमारास गिब्सनने नेक अरुंद केली, त्याआधी नट ४३ मिमीच्या आसपास असायचा, नंतर ४० च्या घरात. हा ४३ भरला. मॉडेल होतं बी-२५, ते मुळात आलं १९६२ ला. म्हणजे ६२ ते ६५ मधली गिटार, मिशिगनमधल्या कॅलमझूच्या कारखान्यात झालेली.

मावशींना सांगितलं, ही ५८ ची असूच शकत नाही. त्या जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे लग्नानंतर घेतली! मला म्हणाले जुनी आहे, आधीपासूनची आहे. तेव्हा घरात पंखा नव्हता रे आमच्या."

मी म्हटलं आता काकांना कोण विचारणार. त्या हसल्या म्हणून बरं, नाहीतर व्यवहार तिथेच बोंबलला असता.

आता पार्ट. ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवर, नजर गेली आणि लगेच खटकलं, छान काळसर शिसवी ब्रिज होता. त्या वर्षांत गिब्सनने छोट्या गिटारींवर चक्क प्लास्टिकचा ब्रिज बसवला होता, आतून पोकळ, खालून स्क्रू मारून धरलेला. पैसे वाचवायचा उद्योग, दुसरं काय. उन्हात आणि तारांच्या ताणाने तो वाकतो, उचलला जातो, त्यामुळे बऱ्याच जणांनी काढून लाकडाचा लावला. मी तारा सैल करून आरसा आत घातला, टॉर्च मारली, आणि ब्रिजच्या खाली आतून जी लाकडी पट्टी असते तिच्यात जुन्या स्क्रूची भोकं तशीच, एकात तर भुसा-फेव्हिकॉल भरलेला. वरून तुम्ही काहीही करा, हे आतलं पुसता येत नाही. त्याच पट्टीवर तारांच्या टोकाला असलेल्या गोळ्यांनी खड्डे पाडलेले असतात तेही बघून घ्यायचं, खड्डे फार खोल असतील तर तो वेगळा खर्च.

मग ट्युनिंगच्या चाव्या. डोक्यामागे सहा सुट्या, चकचकीत, सीलबंद चाव्या. मूळच्या क्लुसन कंपनीच्या असणार, एका पट्टीवर तीन अशा, पांढऱ्या प्लास्टिकच्या बटणांच्या. पट्टी कुठपर्यंत होती त्याची सावली लाकडावर स्पष्ट दिसत होती कारण पट्टीखालच्या पॉलिशला ऊन लागलेलं नाही, आणि पट्टीच्या स्क्रूची भोकं उघडीच. वर नव्या चाव्या बसवायला भोकं १० मिमीपर्यंत रुंद केलेली. हे जिव्हारी लागतं बघा. ब्रिज बदलला तर परत बदलता येतो, पण डोक्यातलं लाकूड एकदा कोरून काढलं की आतून बुश (बारीक नळी) घालून वेळ मारून न्यायची.

मी मावशींना विचारलं, काढलेले पार्ट कुठायत? त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात काकांची कफलिंक, दोन परदेशी नाणी, एक पिवळा पडलेला पिक, आणि खाली कापसात गुंडाळलेला तो प्लास्टिकचा ब्रिज. मधे थोडा वाकलेला, एका कडेला चीर, पण आहे! स्क्रूसकट! वर खाली करायचं ते ॲडजस्टेबल सॅडल, ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, तेसुद्धा तसंच. मला इतका आनंद झाला की मी भाव पाडायचं विसरलो.

आणि चाव्या? चाव्या नव्हत्या. काकांनी वीसेक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका दुकानात गिटार दिली होती, चाव्या घट्ट फिरतात म्हणून. त्यांनी नव्या बसवून दिल्या, जुन्या मागितल्या तर म्हणे गंजलेल्या होत्या, फेकल्या. गंजलेल्या! दोन थेंब तेल घालून चालल्या असत्या. आणि फेकल्या की ड्रॉवरमध्ये गेल्या ते देव जाणे.

यासाठीच हे पत्र. गाडीचा क्लच बदलला तर मेकॅनिक जुन्या प्लेटा आपल्या हातात देतो, घरी नळवाला जुना वॉशर दाखवतो, मग वाद्याच्या बाबतीत काढलेला पार्ट दुकानाचा कसा होतो? गिऱ्हाईकाने मागो न मागो, पिशवीत घालून द्या. आणि घरच्यांनीही तो कचरा समजून भंगारवाल्याला घालू नका, केसमधल्या कप्प्यात टाकून ठेवा. सहा जुन्या चाव्या आणि एक नट यांच्यासाठी पुढचा माणूस वेगळे पैसे मोजतो, मी मोजले असते.

दुसरी बाजूपण सांगायला पाहिजे, नाहीतर लोक उगाच ओरिजिनलच्या नादी लागतील. दुरुस्ती म्हणजे खोट नव्हे. मिरजेला तंबोरा जवारीला दिला तर कुणी म्हणत नाही की तंबोरा बिघडवला. तसंच गिटारची नेक ५०-६० वर्षं तारांच्या ताणाने पुढे झुकते, मग ती वाफेने सैल करून कोन सुधारून परत बसवावी लागते, नेक रीसेट म्हणतात त्याला. फूटपट्टी फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आडवी न ठेवता लांबीने ठेवायची आणि पुढे सरकवत ब्रिजकडे न्यायची, टोक ब्रिजच्या माथ्याला घासून गेलं तर उत्तम, ब्रिजच्या अंगाला आपटलं तर रीसेट आलं. मावशींकडून घेतलेल्या या गिटारमध्ये टोक दोन मिमी खाली आपटत होतं. जो म्हणेल नेकला कधीच हात लावलेला नाही, त्याला आनंदाने हो म्हणा आणि तो खर्च भावातून वजा करा. वरच्या लाकडाची चीर आतून छोटे ठोकळे लावून नीट जोडलेली असेल तर मला काही वाटत नाही. पण अख्ख्या गिटारवर नवीन पॉलिश मारलं असेल तर मात्र मी परत फिरतो. जुनं लॅकर पिवळं पडतं, त्याला बारीक तडे जातात, नखाने जाणवतात, आणि ते घासून काढलं की त्याबरोबर वरचं लाकूडही पातळ होतं.

आणखी एक, परदेशातून मागवणाऱ्यांसाठी. मार्टिनच्या डी-२८ मॉडेलला १९६९ पर्यंत ब्राझीलचं रोझवुड असायचं, त्यानंतर आपल्याकडचं शिसवी वापरायला लागले. ब्राझीलवालं १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) सगळ्यात कडक यादीत आहे, कागद नसतील तर गिटार कस्टममध्ये अडकेल, म्हणून आधी कागद मागा आणि मग पैसे पाठवा.

भाव विचाराल तर सांगणार नाही, घरीही अजून खरा आकडा सांगितलेला नाही. (काकांची परंपरा.) नेक रीसेट झालं, शिसवी ब्रिज तसाच ठेवलाय कारण आवाज प्लास्टिकपेक्षा निश्चित चांगला आहे, आणि प्लास्टिकवाला केसमध्ये कापसासकट. डबा मावशींनी दिला नाही, त्यात बाकीचं सामान आहे म्हणाल्या.

चाव्यांची भोकं अजून तशीच आहेत. कुणाच्या ड्रॉवरमध्ये साठच्या दशकातल्या क्लुसन, एका पट्टीवर तीन, पांढरी बटणं, डावी-उजवी जोडी पडली असेल तर कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. गंजलेल्या असल्या तरी चालतील.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे