‘थंडी गायब’ छापण्याआधी

संपादक महोदय,

डिसेंबरात दोन पहाटे पारा चढला की ‘थंडी गायब’ आणि जानेवारीत एक दिवस उतरला की ‘हुडहुडी’, असे मथळे दरवर्षी येतात. पण छापलेला आकडा कुठल्या वेधशाळेचा, कमाल की किमान, आणि सरासरीहून किती वर किंवा खाली, हे बातमीत क्वचितच सापडते. तेवढे कळल्याशिवाय त्या आकड्याचे वाचकाने करायचे काय?

कुलाबा समुद्राने वेढलेले, सांताक्रूझ त्यामानाने आत. हिवाळ्यात दोन्हीकडचा पहाटेचा पारा वेगळा असणारच. पुण्यातच लोहगावचा आजचा आकडा शिवाजीनगरच्या सरासरीशी ताडला तर जो फरक निघतो तो हवामानाचा नव्हे, जागेचा. मोबाइलवर दिसते ते बहुधा संगणकीय प्रारूपाचे अनुमान असते आणि गच्चीवरचा तापमापक सिमेंटची ऊब मोजतो. वेधशाळेतले तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात. ऊन आत शिरू नये म्हणून पेटीचे दार उत्तरेला असते.

कमाल आणि किमान वेगवेगळे तपासावे लागते. बंगालच्या उपसागरावरून बाष्प आले आणि आभाळ भरले, की रात्री जमिनीची उष्णता निसटत नाही आणि किमान तापमान चढते. २०२४ च्या डिसेंबरात ‘फेंगल’ चक्रीवादळानंतर राज्यात हेच झाले. अशा ढगाळ दिवशी कमाल मात्र सरासरीखाली राहू शकते. मग एकाच दिवशी पहाटे ‘उकाडा’ आणि दुपारी ‘गारठा’, दोन्ही बातम्या खऱ्या! म्हणून महिनाभराच्या दोन्ही सरासऱ्या पाहाव्यात. १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी २०२५ चा. त्या महिन्यात किमान तापमानाने उच्चांक गाठला, कमाल मात्र २०२३ च्या फेब्रुवारीमागे राहिले.

‘सरासरी’ म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा नव्हे. ती ३० वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी पुढे सरकते. सध्याची १९९१ ते २०२० या काळाची. मेख इथेच आहे. अलीकडची उष्ण वर्षे सरासरीत शिरली की सरासरीच वर जाते आणि तेवढाच पारा कमी ‘उष्ण’ दिसू लागतो. दहा वर्षांपूर्वीच्या कात्रणातला ‘सरासरीहून ३ अंश जास्त’ आणि आजचा ‘३ अंश जास्त’ म्हणूनच शेजारी मांडता येत नाहीत. दीर्घकालीन बदल पाहायचा तर जागतिक हवामान संघटनेने १९६१ ते १९९० हा काळ त्यासाठीच राखून ठेवला आहे. शिवाय दीड अंशापर्यंतचा फरक हवामान विभाग सामान्यच मानतो. त्यावर मथळा करू नये.

शेतकऱ्याला हा हिशेब रोजचा लागतो. समजा, दहा दिवस किमान ४ अंशांनी वर आणि कमाल सरासरीइतकेच राहिले. दिवसाचे सरासरी तापमान २ अंशांनी वाढले, म्हणजे दहा दिवसांत २० उष्णता-अंश (पिकाला रोज मिळणाऱ्या उष्णतेची बेरीज) जादा. एवढ्याने बिघडत नाही. पण हेच महिनाभर चालले तर गव्हाला ओंबी लवकर येते, दाणा भरायला दिवस कमी मिळतात आणि तो बारीक, सुरकुतलेला निघतो. उशिरा पेरलेल्या गव्हाला हा फटका जास्त. दुपारच्या कमाल आकड्यावरच नजर ठेवणाऱ्याला ही वाढ दिसतच नाही.

आपल्या तापमानाच्या चौकटीत वेधशाळेचे नाव, कमाल, किमान आणि दोन्हींचा सरासरीशी फरक असे चार रकाने द्यावेत, खाली ‘१९९१-२०२०’ एवढे बारीक अक्षरांत पुरे. आणखी एक: हवामान विभागाच्या वर्गवारीत हिवाळा म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, डिसेंबर मोसमी पावसानंतरच्या काळात मोडतो. डिसेंबरवरून ‘यंदाचा हिवाळा उष्ण’ असा निकाल देताना निदान तेवढे तरी पाहावे.

– एक वाचक, पुणे