तुटलेला हत्ती आणि अकबराचं चिलखत

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं, पण आईला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि बाबा मधेच "बरं, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणतात. आताच्या फोनचं बिल मिनिटांवर येत नाही, हे सांगून मी दमलो. म्हणून पत्रच लिहितोय, पोरं काय काय बोलली ते डोक्यात ताजं आहे तोवर.

सुट्टीत मुंबईला ताईकडे होतो तेव्हा एक अख्खा दिवस आम्ही संग्रहालयांना दिला. ताईने वेड्यात काढलं. मे महिन्यात मुंबईत येऊन कुणी जुन्या वस्तू बघतं का, म्हणाली. अगं, मे महिना आहे म्हणूनच तर! चौपाटीवर दुपारी पाय भाजून घेण्यापेक्षा छपराखाली बरं.

धाकट्याला राणीच्या बागेतले पेंग्विन हवे होते. तेव्हा आधी म्युझियम आणि मग पेंग्विन, अशा बोलीवर त्याला भायखळ्याला नेलं. भाऊ दाजी लाड संग्रहालय बागेला लागूनच आहे, त्यामुळे सौदा जमला. (पुढे कधी कुणाला पाठवलंत तर बुधवार टाळायला सांगा, दोन्हीकडे सुट्टी असते.) बाबा, हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडलं. तेव्हा नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचं होतं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं दिलं. थोरलीने विचारलं, हे राजा होते का? नाही म्हटलं, डॉक्टर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. कुष्ठरोगावर औषध शोधायचे आणि उरलेल्या वेळात जुने शिलालेख वाचायचे. "उरलेल्या वेळात?" असं तिने ज्या सुरात विचारलं ना, तो थेट बाबांचा सूर होता.

आत जायच्या आधीच आमचा पाऊण तास गेला, कारण बाहेर हत्ती आहे. घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा हा तिथे उभा होता, त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. पुढे १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेनने दगा दिला, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुटका हत्ती कोण नेणार? तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये इथे बागेत जोडून उभे केले. मी सांगितलं ते एवढंच. त्यानंतर दोघं हत्तीभोवती फिरून सांधे शोधत बसले. धाकट्याचं म्हणणं, हत्ती मुद्दामच पडला, त्याला जायचं नव्हतं. थोरली म्हणाली, दगड मुद्दाम पडत नाही, क्रेनवाल्याचा हिशोब चुकला असणार, वजन किती होतं ते सांगा. वजन मला कुठून माहीत असणार? वाद पेंग्विनपर्यंत चालला.

आत गेल्यावर मात्र दोघं गप्प झाली. हिरव्या-सोनेरी रंगातले उंच लोखंडी खांब, नक्षीदार छत. वास्तू पार रया गेलेली होती, २००३ ते २००८ अशी पाच वर्षं काम करून ती पुन्हा उभी केली. त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आई, तिथे तू हवी होतीस. काचेच्या कपाटांत मातीच्या चिमुकल्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईतल्या माणसांच्या. नाना जातीजमातींचे, नाना धंद्यांचे लोक, ज्याची त्याची पगडी, ज्याचं त्याचं नेसणं. मी त्यातल्या निम्म्या पगड्या ओळखू शकलो नाही. तुमची सून नेसण्याच्या तऱ्हा ओळखायच्या प्रयत्नात होती, पण तिलाही काही जमलं नाही. तू दहा मिनिटांत सांगितलं असतंस. तिने काही फोटो काढलेत, ते छापून पाठवतोय, प्रत्येकाच्या मागे जे आठवेल ते लिहून दे.

दुपारी पेंग्विन झाले, जेवण झालं आणि मग फोर्टात आलो.

बाबा, आता जे लिहितोय ते तुम्हाला पटणार नाही. तुम्ही आम्हाला असं कुठे न्यायचात तेव्हा पहिल्या दालनापासून शेवटच्यापर्यंत पाटी न् पाटी वाचून घ्यायचात. बाहेर आल्यावर परीक्षाही व्हायची. ताईला त्यातलं खूप आठवतं, मला फक्त दुखणारे पाय आठवतात. म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या दारातच मी जाहीर केलं की आज तीनच गोष्टी बघायच्या. तिथे हजारो वस्तू आहेत. सगळं दाखवायचा हट्ट धरला की पोरं वस्तूंकडे बघतच नाहीत, दाराकडे बघतात. तीन वस्तू असल्या की एकेकीपुढे फतकल मारून बसता येतं.

पहिली गोष्ट इमारतच. जॉर्ज विटेटने बांधलेली, गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. घुमट विजापूरच्या गोल घुमटावर बेतलेला. भिंतींचा काळा दगड कुर्ल्याचा आणि पिवळा मालाडचा. आमच्या पोरांना कुर्ला आणि मालाड म्हणजे फक्त लोकलची स्टेशनं माहीत, तिथे दगडाच्या खाणी होत्या यावर त्यांचा विश्वासच बसेना. मधल्या दालनात नाशिकच्या एका वाड्यातल्या लाकडी कमानी आणून बसवल्यात. धाकटा त्यांच्याखाली उभा राहून "मग त्या वाड्याचं काय झालं?" असं विचारत राहिला. यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

थोरलीला तारखांनी घोळात पाडलं. पायाभरणी १९०५ ची, इमारत पुरी झाली १९१४ ला आणि संग्रहालय उघडलं १९२२ ला. मधली आठ वर्षं कुठे गेली? पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इमारतीत लष्करी इस्पितळ आलं, असं सांगितल्यावर ती पूर्ण दालन पुन्हा फिरून आली. खाटा कुठे लावल्या असतील, हे पायांनी मोजत होती. तिथल्या रखवालदाराने विचारलं, बेटा, काय हरवलं? तर म्हणे, "पेशंट."

दुसरी गोष्ट अकबराचं चिलखत. धाकट्याची निराशा झाली. एवढा मोठा बादशहा आणि चिलखत आपल्या मामाच्या मापाचं! मला वाटतं, अख्ख्या दिवसात त्याला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच असेल, पण मी तसं काही बोललो नाही. बोललो असतो तर त्याचा धडा झाला असता. शेजारी एक वडील मुलाला सन विचारत होते आणि मुलगा छताकडे बघत होता. मला तुमची आठवण आली, राग मानू नका.

तिसऱ्या गोष्टीपर्यंत पोचलोच नाही. पक्षी आणि प्राण्यांच्या दालनात जायचं होतं, पण धाकटा बाकावर आडवा झाला आणि मी निघायचं ठरवलं. थोरली चिडली. ती तुमच्या वळणाची, पाटी वाचल्याशिवाय हलत नाही. तिच्यासाठी पुढच्या वेळी वेगळं यावं लागेल, तेही तुमच्याबरोबर. माझी पद्धत तिला पुरत नाही, हे कबूल.

तर आता कामाचं. दिवाळीनंतर तुम्ही दोघं ताईकडे यायचं आहे. पोरांनी घारापुरीचा बेत केलाय, हत्ती मुळात कुठे उभा होता ती जागा बघायची आहे. गेटवेवरून लाँच सुटते, सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरू. बाबांनी गुडघ्यांची सबब सांगायची नाही. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, आणि पायऱ्या चढवल्या नाहीत तर खालीच बसा, आईला सोबत होईल. मात्र हत्तीच्या वजनाचा हिशोब येण्याआधी काढून ठेवा. थोरलीने लांबी-रुंदी अंदाजाने लिहून दिलीय, कागद सोबत जोडला आहे. दगडाची घनता तुम्ही घाला.

आईच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ मी घेतो, तारीख फोनवर सांगेन. मोठ्याने.

तुमचा,
बाळू